नाण्याला चावलं कोण?

तुमच्या घरी पुऱ्या कशा करतात? आमच्याकडे एवढाल्या बारीक गोळ्या लाटत बसायला कुणाला वेळ नसतो. एक थोरली पोळी लाटायची आणि वाटी उपडी घालून पटापट पुऱ्या कापायच्या. गेल्या दिवाळीत हे वाटीचं खातं माझ्या सहावीतल्या भाचीकडे होतं. घाईघाईत तिनं एकदा वाटी जरा अलीकडेच ठेवली. आधीची पुरी काढलेल्या भोकावर ती थोडी चढली आणि पुरी निघाली ती कडेला चंद्रकोरीएवढा घास गेलेली.

"मामा, हिला उंदीर चावला!" ती ओरडली. मग एकदम गप्प झाली आणि पिठाच्या हातांनीच आतल्या खोलीत पळाली.

परत आली ती बिस्किटांचा जुना पत्र्याचा डबा घेऊन. हा तिचा खजिना. पणजीच्या ट्रंकेत सापडलेली, देवघरातून उचललेली, वाण्यानं सुट्टे म्हणून दिलेली, अशी सगळी नाणी त्यात खुळखुळतात. त्यातून तिनं १९८४ सालचा एक रुपया काढला. त्याच्याही कडेला अगदी तसाच घास गेलेला! शाळेतल्या कुणीतरी तिला सांगितलं होतं, की असं नाणं लाखाला जातं, मोबाइलवर दाखवतात. आजीचं म्हणणं वेगळं. कुणीतरी कातरलंय ते, दे टाकून.

आता यातलं खरं काय? नाणं टांकसाळीतच चुकून जन्माला आलं, की बाहेर आल्यावर कुणी त्याची वाट लावली? दोन्ही दिसायला सारखंच. नाण्यांच्या छंदात हा सगळ्यात चक्रावून टाकणारा प्रश्न आहे. भलेभले त्यात फसतात.

आम्ही राहतो बोईसरला, आणि आमच्याकडे या प्रश्नाचं उत्तर द्यायला फार लांब जावं लागत नाही. चिंचणी, वरोर, वाणगाव या बाजूला गेलात तर कितीतरी घरांच्या पडवीत माणसं दिव्याखाली मान वाकवून काहीतरी कोरत बसलेली दिसतील. हे डायमेकर. सोन्याचांदीच्या दागिन्यांचे ठसे ते पोलादावर कोरतात. कानातल्याचं फूल, मंगळसूत्राची वाटी, पदक, काय हवं ते आधी पोलादाच्या ठोकळ्यात उलटं आणि खोल कोरायचं. मग त्यावर सोन्याचा पातळ पत्रा ठेवून दाब दिला, की फूल वर उठून येतं. नाण्याचंही हेच तत्त्व. फरक एवढाच, की नाण्याला वरून एक आणि खालून एक असे दोन ठसे लागतात. दोन्ही एकदमच बसतात.

तर डबा घेऊन आम्ही ओळखीच्या एका डायवाल्या काकांकडे गेलो. त्यांनी डबा उघडायच्या आधीच सांगितलं, "कुठलंही नाणं हातात घेतलं की पहिला प्रश्न विचारायचा. उठलंय की खचलंय?"

हा एक प्रश्न पाठ करून ठेवा. अर्ध्याहून जास्त नाणी त्यानंच सुटतात.

कसं ते बघा. ठशात जे खोल असतं ते नाण्यावर उंच येतं. टांकसाळीतला ठसा नाण्यामागून नाणी ठोकत असतो, हजारोंनी. पोलाद झालं म्हणून काय, शेवटी तेही थकतं. त्याला बारीक तडा जातो. तडा म्हणजे खोल फट. पुढच्या नाण्याचा धातू दाबाखाली त्या फटीत घुसतो आणि नाण्यावर एक वर आलेली रेघ उमटते, हाताच्या शिरेसारखी. तुमच्या नाण्यावर कडेपासून निघून अक्षरांवरून चढत गेलेली अशी फुगीर रेघ असेल, तर ती टांकसाळीतलीच. नंतर कुणी कितीही खटपट केली, तरी सपाट नाण्यावर धातूची रेघ वर उठवणं सोपं नाही. ठशाच्या कडेचा तुकडाच उडाला, तर त्या जागी नाण्यावर गुळगुळीत फुगवटा येतो आणि तिथली अक्षरं पार गायब होतात.

याउलट खिळ्यानं ओरखडा काढला तर रेघ आत खचते. भिंगाखाली धरा, म्हणजे त्या रेघेच्या दोन्ही कडांना धातूचे बारीक बांध दिसतील. नांगराचं तास काढलं की बाजूला माती पडते ना, तसे. धातू कुठे नाहीसा झालेला नसतो, नुसता बाजूला सरकलेला असतो.

भाचीनं लगेच एक नाणं पुढे केलं. "हे बघा काका, सालाच्या खाली उठलंय! चौकोनी टिकली!"

काका हसले. ती चूक नव्हे, ती सही. मुंबईच्या टांकसाळीची खूण म्हणजे सालाखाली हिऱ्याच्या आकाराची बारीक टिकली. हैदराबादची खूण चांदणी, नोएडाची गोल ठिपका. कोलकात्याचं नाणं काहीच खूण मिरवत नाही. खिशातली नाणी काढून आत्ताच बघा, तुमच्याकडे बहुतेक हिराच जास्त निघेल. मुंबईची टांकसाळ फोर्टात आहे, रिझर्व्ह बँकेच्या समोर. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात बांधलेली ती खांबांची इमारत अजून उभी आहे. डहाणू लोकलनं चर्चगेटला उतरलात तर तिथपर्यंत चालत जाता येतं. आत मात्र सोडत नाहीत. तिथून दहा मिनिटांवर रिझर्व्ह बँकेचं नाण्या-नोटांचं संग्रहालय आहे, २००४ साली सुरू झालेलं. तिथे जा.

आता आपला चावका रुपया. टांकसाळीत धातूची लांब पट्टी यंत्रात सरकत असते आणि वरून पंच धाडधाड खाली येऊन गोल चकत्या कापत असतो. आमच्या तारापूर एमआयडीसीत प्रेस मशीनवर काम करणाऱ्या कुणालाही विचारा, वायसर अशाच कापतात. मागे भोकाभोकांची जाळी उरते ती भंगारात जाते. एखाद्या वेळी पट्टी पुरेशी पुढे सरकली नाही, की पंच आधीच्या भोकावर थोडा चढतो. तुमची वाटी चढली तशीच. निघाली चावकी चकती! पुढे तिच्यावर ठसा बसतो आणि ती इतर नाण्यांच्या गर्दीत बेमालूम बाहेर पडते.

पण हे झालं 'असं होऊ शकतं' एवढंच. आपल्या रुपयाचं असंच झालं, हे कशावरून?

आधी वजन. त्या काळचा तांबे-निकेलचा रुपया ६ ग्रॅमचा. सराफाच्या काट्यावर आमचा भरला साडेपाचच्या आसपास. भाची खूश झाली, पण काकांनी मान हलवली. टांकसाळीत घास गेला तरी वजन कमी आणि आजी म्हणते तसं कुणी कातरलं तरी वजन कमीच. वजन दोघांच्याही बाजूनं साक्ष देतं. असल्या साक्षीदाराचा उपयोग नाही.

मग घासाजवळची अक्षरं. चकतीला आधीपासूनच घास असेल, तर ठसा बसताना तिथला धातू मोकळ्या जागेकडे पळतो. त्यामुळे घासाजवळची अक्षरं जराशी ओढल्यासारखी, घरंगळल्यासारखी दिसतात. नंतर कापलेल्या नाण्यात अक्षर सुरीनं वडी कापावी तसं तुटतं. कापलेल्या जागी कानशीचे ओरखडेही सापडतात. आमच्या रुपयाची अक्षरं घरंगळलेली होती. थोडीशीच, पण होती.

आणि मग काकांनी नाणं फिरवून घासाच्या बरोबर समोरची कड दाखवली. मला तर ती कधी बघायचं सुचलंच नसतं! तिथली कड दबलेली, जवळजवळ पुसट होती.

हे का होतं ते कळलं तेव्हा मला टाळी द्यावीशी वाटली. चकती कापली की तिला लगेच ठसा मारत नाहीत. आधी तिला दोन कडक पट्ट्यांच्या फटीतून गडगडत नेतात, म्हणजे तिची कड थोडी वर येते. पट्ट्या दोन्ही बाजूंनी एकदम दाबतात. आता चकतीच्या एका बाजूला घास आहे. तो घास एका पट्टीसमोर आला की तिथे दाबायला काहीच नसतं. मग समोरच्या पट्टीलाही जोर लावता येत नाही. रस्सीखेचीत एका बाजूनं दोर सोडला, तर दुसऱ्या बाजूचा जोर फुकट जातो ना? म्हणून घासाच्या समोरची कडही नीट उठत नाही. नाणेसंग्राहक याला 'ब्लेकस्ली परिणाम' म्हणतात. घरी कातरीनं नाणं कापणाऱ्याला ही समोरची कड काही सुचत नाही. ती तशीच छान उभी राहते आणि त्याचं बिंग फोडते.

थोडक्यात, आजी हरली. पण लाख रुपयेही मिळणार नव्हते. त्याचं पुढे सांगतो.

डब्यातलं दुसरं रत्न म्हणजे पाच पैशांचं चौकोनी ॲल्युमिनियमचं नाणं. (तुमच्या आईबाबांना विचारा, त्यांनी यात गोळ्या घेतल्या असतील. पंचवीस पैसे आणि त्याखालची सगळी नाणी जून २०११ अखेर बंद झाली.) या नाण्यावर मधोमध उलटी अक्षरं होती, आरशात दिसतात तशी आणि आत खचलेली. भाचीचा हा सगळ्यात लाडका नग.

टांकसाळीत अशी एक झकास चूक खरंच होते. ठोकलेलं नाणं कधीकधी खाली पडायचं सोडून वरच्या ठशालाच चिकटून बसतं. खाली नवी कोरी चकती येते. आता तिच्यावर ठसा बसतच नाही, बसतं ते चिकटलेलं नाणं! म्हणजे नाणंच ठशाचं काम करतं. मग नव्या नाण्याची एक बाजू ठीक आणि दुसऱ्या बाजूला त्याच चित्राची उलटी, खचलेली छाप. संग्राहक याला ब्रॉकेज म्हणतात आणि ते मिळालं की मिठाई वाटतात.

काकांनी पाच पैसे भिंगाखाली धरले आणि नुसतेच भाचीच्या हातात दिले. "तूच बघ. उलट्या अक्षरांच्या खाली काय आहे?"

खाली मूळचं सुलटं चित्र होतं, चेपलेलं. दुसऱ्या बाजूलाही त्याच जागी सगळं सपाट झालं होतं. खऱ्या ब्रॉकेजमध्ये उलट्या छापेखाली दुसरं काही नसतं, कारण ती कोऱ्या चकतीवर पडलेली असते. इथे कुणीतरी दोन नाणी एकावर एक ठेवून हातोडी हाणली होती. ॲल्युमिनियम मऊ, पटकन छाप घेतं. भाचीचा चेहरा पडला. मी काही बोललो नाही, कारण मला दाट शंका आहे की हा उद्योग तिच्या आईचा, म्हणजे माझ्या बहिणीचा. लहानपणी हातोडी तिच्याकडेच असायची.

रुळावरच्या नाण्यांचीही अशीच गोष्ट. बोईसर-पालघरची आमची पिढी रेल्वेच्या खडखडाटात वाढली आणि रुळावर नाणं ठेवून चपटं करायचा वेडेपणा काही पोरं करायची. तुम्ही करू नका. रुळांत शिरणं गुन्हा आहे, आणि आता गाड्या इतक्या झपाट्यानं येतात की कळतही नाही. मुद्दाम नाणं वितळवणं, मोडणं यालाही २०११ च्या नाणे कायद्यानं बंदी आहे. पण अशी जुनी चपटी नाणी डब्यात निघतात आणि लोक ती टांकसाळीची चूक म्हणून खपवतात. कारण टांकसाळीतही पसरट नाणं तयार होतं. ठोकताना नाण्याभोवती पोलादाचं एक कडं असतं, ते धातूला बाहेर पळू देत नाही. कडेवरचे दातेसुद्धा तेच पाडतं. कडं जागेवर नसलं तर नाणं पसरतं आणि कड बिनदाती राहते. ओळखायचं कसं? पसरलेल्या खऱ्या नाण्यात मधलं चित्र मापात असतं, फक्त भोवतीची मोकळी जागा वाढते. गाडीखालच्या नाण्यात सिंहांची तोंडंसुद्धा लांबट होतात. फुग्यावर चित्र काढून फुगा फुगवावा तशी.

पुसट अक्षरांचा प्रश्न जरा नाजूक आहे. वापरून झिजलेल्या नाण्यात उंच भाग आधी जातो. डोंगराचा माथा उन्हापावसाला आधी सापडतो, तसं. ठशाच्या एखाद्या अक्षरात ग्रीस किंवा कचरा भरला असेल, तर तेवढंच अक्षर गायब आणि शेजारचं मात्र करकरीत. ही टांकसाळीची चूक. अॅसिडात पडलेलं नाणं सगळीकडून सारखंच झडतं. चघळून बाहेर काढलेली लिमलेटची गोळी आठवा, आकार तोच पण अंगानं बारीक. तेही वजनात कमी भरतं.

पण माझी सगळ्यात आवडती चूक वेगळीच. एक नाणं घ्या. छापा सरळ दिसेल असं वरून आणि खालून दोन बोटांत धरा आणि उभ्या अक्षावर गर्रकन फिरवा. भारताच्या आजच्या नाण्यात काटाही सरळच दिसला पाहिजे. तो आडवा किंवा उलटा दिसला, तर टांकसाळीत एक ठसा जागेवरून फिरला होता! दिसायला नाणं अगदी धडधाकट. कुठे घास नाही, तडा नाही. म्हणूनच ते वर्षानुवर्षं बाजारात फिरतं आणि कुणाच्या लक्षात येत नाही. आणि हातोडी, कानस, अॅसिड काहीही आणा, घरबसल्या ही चूक करता येत नाही. बघायला खर्च शून्य.

दहा रुपयांच्या नाण्यात दोन धातू असतात, बाहेर पिवळं कडं आणि आत पांढरी चकती. २००९ साली होमी भाभांच्या जन्मशताब्दीनिमित्त असं एक नाणं निघालं. आमच्या तारापूरला १९६९ साली देशातलं पहिलं अणुवीज केंद्र सुरू झालं, त्यामुळे भाभांचं नाणं मिळालं की इथले लोक ते सहसा खर्च करत नाहीत. या नाण्यातली मधली चकती ठोकून काढून, फिरवून परत बसवायची आणि 'चुकलेलं नाणं' म्हणून विकायचं, असा उद्योग काही चलाख मंडळी करतात. ठसा मात्र दोन्ही धातूंवर एकाच फटक्यात बसतो. खऱ्या चुकीत चित्र सांध्यावरून सलग ओलांडून जातं. फिरवाफिरवीत ते सांध्याशी तुटतं.

लोहचुंबकही जवळ ठेवा. गेल्या काही वर्षांतले पांढरे एक आणि दोन रुपये स्टेनलेस स्टीलचे आहेत, त्यात ८३ टक्के लोखंड आणि १७ टक्के क्रोमियम. ते टपकन चिकटतात. आमच्या चावक्या रुपयासारखी तांबे-निकेलची जुनी नाणी चिकटत नाहीत. आणि १९४७ चा वाघाचा रुपया सापडला तर त्यालाही चुंबक लावा. त्यात लोखंड औषधालाही नाही, तरी तो चिकटतो. तो निकेलचा आहे आणि निकेललाही चुंबक खेचतो.

इथवर आपण यंत्राच्या नाण्यांबद्दल बोललो. भाचीनं मग पणजीच्या पुरचुंडीतली शिवराई काढली, तांब्याची, जाडजूड. शिवाजी महाराजांनी पाडलेलं हे नाणं. एका बाजूला 'श्री राजा शिव', दुसऱ्या बाजूला 'छत्रपति'. पुढे मराठी राज्यात पिढ्यान्‌पिढ्या अशी नाणी पाडली गेली. आमच्या शिवराईवर 'जा' आणि 'शि' तेवढे दिसत होते, बाकीची अक्षरं कडेबाहेर.

"चुकलेली!" भाची म्हणाली.

नाही गं. इथे आपला सगळा नियमच उलटा होतो. त्या काळी खालचा ठसा ऐरणीत रोवलेला, त्यावर तांब्याचा तुकडा, वरचा ठसा एकाच्या हातात आणि घण दुसऱ्याच्या हातात. ठसा मोठा आणि तुकडा लहान, मग सगळी अक्षरं मावणार कशी? घण उसळून पुन्हा बसला की दुहेरी छाप. शिवराईवर सगळी अक्षरं अगदी मधोमध बसलेली दिसली, तर जाणकार खूश होतात आणि थोडे संशयीही होतात, कारण नकली शिवराया फार सुबक असतात. वसईच्या किल्ल्यात पोर्तुगीजही नाणी पाडत, ती याहून ओबडधोबड. जिथे सगळंच वाकडं, तिथे वाकडेपणाला चूक कोण म्हणणार?

दुहेरी छापेवरून आठवलं. १९०६ साली नाशिक जिल्ह्यात जोगळटेंभी इथे चांदीच्या नाण्यांचं एक घबाड सापडलं. तेरा हजारांहून अधिक नाणी! सगळी क्षत्रप राजा नहपानाची, त्याच्या चेहऱ्याची. हा नहपान आपल्याला अगदीच परका नाही. त्याचा जावई उषवदात यानं नाशिकच्या लेण्यांत शिलालेख कोरून ठेवलाय. त्यात कुठल्या कुठल्या नद्यांवर आपण फुकट होड्या ठेवल्या ते तो सांगतो आणि त्यात 'डाहणुका' आहे. आपली डहाणूची खाडी, सुमारे एकोणीसशे वर्षांपूर्वीची! तर या घबाडातल्या नऊ हजारांहून अधिक नाण्यांवर नहपानाच्या नाकातोंडावर दुसराच ठसा बसलेला होता. डोंगराची आणि गोलांची चिन्हं. ती सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीची. त्यानं नहपानाला हरवलं आणि त्याचीच नाणी गोळा करून त्यावर आपला ठसा मारून पुन्हा चालवली. ही चूकही नाही आणि खराबीही नाही. शत्रूच्या खिशातल्या पैशावर लिहिलेली ती विजयाची बातमी आहे.

अशा मधल्या जातीची नाणी मला फार आवडतात. जुन्या चांदीच्या रुपयावर कधी बारीक फुलं, चांदण्या, टिकल्या ठोकलेल्या असतात. त्या सराफांच्या खुणा. 'मी पारखलाय, खरा आहे' असं सांगणाऱ्या. संशय आला तर सराफ नाण्याला भोक पाडून आतला धातू बघायचे, त्या भोकाला सुलाख म्हणत. 'तावून सुलाखून निघणे' हे आपण म्हणतो ते तिथूनच आलं. रुपया आपटून आवाजही ऐकायचे. खणखणीत वाजला तर खरा, बद्द वाजला तर आत काहीतरी घोळ.

भोकांचं म्हणाल, तर भाचीच्या डब्यात दोन भोकाची नाणी होती. एक राणीच्या छापाचा चांदीचा रुपया, वरच्या बाजूला भोक. भोक अक्षराच्या पोटातून गेलेलं आणि मागच्या बाजूला त्याची कड उचललेली. पणजीच्या गळ्यात माळेत ओवलेला असणार. बंदा रुपया नाही राहिला, पण माझ्या दृष्टीनं त्याची किंमत वाढलीच. दुसरं १९४४ चं तांबूस नाणं, मधोमध मोठ्ठं गोल भोक. हा भोकाचा पैसा. दुसऱ्या महायुद्धात धातू टंचाईचा, म्हणून सरकारनं १९४३ पासून पैसा मधे भोक पाडूनच काढला. चित्रही भोकाभोवती फिरेल असं बेतलं. लोक म्हणे तो वायसर म्हणूनही वापरत. आणि गंमत अशी, की या एका नाण्यात भोक नसेल तर ती टांकसाळीची चूक!

आता माझी एक कबुली. मी चौथीत असताना लक्ष्मीपूजनाच्या आदल्या दिवशी आजीनं तांब्याची जुनी नाणी ताम्हनात काढून ठेवली होती. काळीहिरवी, कळकट. मी ती चिंच आणि रांगोळीनं अर्धा तास घासली. लखलखीत केली! सगळ्यांनी शाबासकी दिली. पुढे कितीतरी वर्षांनी एका जाणकाराला ती दाखवली, तर त्यानं भिंग डोळ्याला लावलं आणि उसासा टाकला. तांब्यावर शंभर वर्षांत चढलेला तो काळसर थर म्हणजे नाण्याची कातडी. मी ती सोलून काढली होती. रांगोळीचे बारीक ओरखडे सगळीकडे एकाच दिशेनं. टांकसाळीनंतर त्या नाण्यांना झालेली सगळ्यात मोठी इजा म्हणजे मी. आपल्या किनाऱ्याच्या खाऱ्या हवेत तांब्यावर फिकट हिरवी पूड धरते, ती मात्र खरंच पुढे पुढे धातू खात जाते. तसं नाणं दिसलं तर ते इतरांपासून वेगळं, कोरड्या डबीत ठेवायचं आणि जाणत्याला दाखवायचं. घासायचं नाही म्हणजे नाही.

नाशिकहून त्र्यंबकेश्वरला जाताना अंजनेरीला नाणेशास्त्राची एक संस्था आहे, १९८० साली स्थापन झालेली. तिथे नाण्यांचं संग्रहालयही आहे. जव्हारमार्गे गेलात तर पालघरहून ते काही फार लांब नाही. तुमच्या डब्यातलं कोडं तिथल्या नाण्यांशेजारी ठेवून बघायला मजा येईल.

आणि ते लाख रुपये? मोबाइलवर लाखाची बोली लावणाऱ्या एका माणसानं भाचीच्या मैत्रिणीच्या बाबांकडे आधी 'नोंदणी फी' मागितली होती. वर रिझर्व्ह बँकेचं नाव. रिझर्व्ह बँक असले व्यवहार करत नाही आणि ऑगस्ट २०२१ मध्ये तिनं तसं जाहीर पत्रक काढून लोकांना सावध केलं होतं. चावक्या रुपयाला एखादा छंदिष्ट रुपयाहून जास्त देईल, एवढं खरं. भाचीला तो विकायचाच नव्हता. तिनं त्याच्या कागदी पाकिटावर लिहिलंय, 'वाटी चढली.' पाच पैशांच्या पाकिटावर लिहिलंय, 'आई??'

परवा आम्ही बोईसर स्टेशनला तिकीट काढत होतो. खिडकीतून सुट्टे आले. भाची तिथेच उभी राहून एकेक नाणं दोन बोटांत धरून गर्रकन फिरवायला लागली. मागे रांग वाढली.

"अगं पोरी, खोटी नाहीयेत ती नाणी," मागचे एक काका वैतागले. "सरक पुढे."

"खोटी नाही हो काका," ती मान वर न करता म्हणाली, "चुकलेलं एखादं आहे का बघतेय."

काकांनी डोक्याला हात लावला. पण आम्ही पुलावर चढताना मी सहज मागे वळून पाहिलं. तिकीट घेऊन ते बाजूला उभे होते आणि दोन रुपयांचं नाणं बोटांत धरून हळूच फिरवत होते.